विहिरीच्या अंगाची पेटी

माझं पहिलं इंजिन सासऱ्यांनी दोन मिनिटांत नापास केलं. दोन फूट लांब, पितळी पत्र्याचं, अकरा महिने खपून केलेलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, धुराड्यापासून मागच्या कोळशाच्या डब्यापर्यंत बोटं फिरवली, पुन्हा उलटी फिरवली आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण हे आपलं इंजन न्हाई."

"मामा, मीटरगेजचंच आहे. नकाशावरून केलंय. एकूण एक माप बरोबर आहे."

"मापाला कोण नाव ठिवून राह्यलं? आपलं न्हाई म्हन्लं."

मला राग आला. मी जालन्यात आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बियाणं साफ करायच्या मशिनांचे सुटे भाग बनवते. लेथ मी चालवते, हिशेब आणि गिऱ्हाईक नवरा बघतो. माझा भाग बसला नाही म्हणून परत आला, असं वर्षात एखाद्या वेळी होतं. वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती हा माझा रिकाम्या वेळेचा उद्योग, आणि त्यातही मी अंदाजपंचे काम करत नाही. आणि इथं डोळ्यांनी काही न दिसणारा माणूस माझं काम बाजूला सारत होता.

पण तो माणूस मीटरगेजच्या जमान्यातला फिटर होता. परतूरपासून फार लांब नसलेल्या एका स्टेशनाजवळ इंजिनांची एक लहान शेड होती, तिथं त्यांची हयात गेली. एका इंजिनाची देखभाल वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होती. ते 'आपलं इंजन' म्हणतात तेव्हा त्या जातीचं कुठलंही इंजिन नव्हे, तर तेच एक. मला वाटलं होतं, कारखान्याचा नकाशा मिळाला की झालं. कारखान्यातून शेकडो इंजिनं एकसारखी बाहेर पडली असतील. शेडमध्ये आल्यावर मात्र प्रत्येकाचं काहीतरी बदललं. कुठं नळी वळवली, कुठं पत्रा जोडला. त्याचा नकाशा कुणी काढला नाही.

मधुमेहानं सासऱ्यांची नजर गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या बोटांच्या टोकांना बारीक नायलॉनचा दोरा टेकवून पाहिला. "लागतंय का?" "लागतंय." "आता?" "कधी लावनार?" दोरा लावून झाला होता. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हाच गेली होती. डॉक्टर मला बाहेर म्हणाले, बाकीची पण हळूहळू जातील.

मी घरी येताना सरळ विचार केला. माझं काम तपासू शकेल असा जिल्ह्यात बहुधा हा एकच माणूस उरलाय, आणि त्याचं मोजायचं साधन बंद पडत चाललंय. बोटं आहेत तोवर त्यांचं इंजिन त्यांच्या हातात गेलं पाहिजे. मला ते पास करून हवं होतं. त्यांनाही हवं होतं, पण ते तसं बोलणाऱ्यातले नाहीत.

म्हणून मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. पहिल्या इंजिनात काय नव्हतं?

"माझी पेटी न्हाई," ते म्हणाले. बॉयलरच्या दोन्ही बाजूंनी चालायला लांब पत्रा असतो, त्याला हे लोक फळी म्हणत. त्या फळीवर सासऱ्यांनी भंगारातल्या पत्र्याची हत्यारांची पेटी करून बसवली होती, गोल झाकणाची. तिच्या पुढे फळी एकदा फाटली, तिथं त्यांनीच ठिगळ मारलं. "आठ रिबिटा. माझ्या हातच्या."

"कोणत्या बाजूला?"

"विहिरीच्या अंगाला."

"विहीर कुठं होती?"

"शेडच्या अंगाला."

"मामा, इंजिनाच्या डाव्या हाताला की उजव्या?"

"डावं-उजवं मान्साला असतंय. इंजनाच्या पान्याच्या हौदावर चढलेला मानूस आन् इंजनाखाली खड्ड्यात निजलेला मानूस, दोघांचं डावं येक असतंय का? म्हनून आम्ही विहिरीचं अंग आन् सडकंचं अंग म्हनायचो. कुनाची चूक होत न्हवती."

पटण्यासारखं होतं, फक्त शेड उभी असेपर्यंत. रूळ रुंद झाले, इंजिनं गेली, शेड पाडली. सगळ्या खाणाखुणा ज्या जागेवरून बांधल्या होत्या ती जागाच गेली. एक गोष्ट तेवढी कामाची कळली. तिथं इंजिन फिरवायचा चक्का नव्हता, त्यामुळे त्यांच्या इंजिनाचं तोंड कायम परभणीकडे असायचं. म्हणजे विहीर रुळांच्या कोणत्या बाजूला होती एवढं कळलं की पेटीची बाजू कळणार होती. हे सासऱ्यांनाच विचारता आलं असतं, पण मला आठवण नको होती, जागेवरचा पुरावा हवा होता.

नवरा म्हणाला, "बसव कोणत्याबी बाजूला. कोन बघायला येतंय?"

"तुमचे वडील," मी म्हणाले.

एका रविवारी मी पॅसेंजरनं गेले. शेडच्या जागी वेडी बाभूळ माजलेली आणि मधोमध सिमेंटचा एक ओटा. विहिरीचा पत्ता नाही. शेळ्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला विचारलं. तिनं काठी उत्तरेकडे केली. "तिथं व्हती. त्या घरायच्या खाली गेली बुजून. म्या वाह्यलंय तिचं पानी."

स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं मात्र दक्षिणेकडे हात केला. "विहीर ना ताई? सडकंच्या पल्याड. बिलकुल तिथंच."

"ती आजी उत्तरेला म्हणते."

"ती आजी मला बी रोज येगळ्याच नावानं हाक मारती."

उत्तर म्हणजे इंजिनाची डावी बाजू, दक्षिण म्हणजे उजवी. दोन साक्षी, दोन दिशा. मी चहा पिऊन परत आले.

मग कागदी पुरावा शोधायचं ठरवलं. भोकरदनहून एका गृहस्थांचा निरोप आला की त्यांच्या मावसोबांकडे 'इंजिनाचा ओरिजिनल फोटो' आहे. एस.टी.नं गेले. त्यांनी कपाटातून कापडात गुंडाळलेला फोटो काढला, टेबलावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. फोटो रस्ते दाबायच्या वाफेच्या रोलरचा होता.

"हा रोलर आहे," मी म्हणाले.

"इंजनच की ताई. ह्यातून धूर निघायचा."

त्यांच्या बायकोनं पोहे केले होते. खाल्ले आणि परत आले.

पुढच्या तीन महिन्यांत खरे म्हणावेत असे चार फोटो मिळाले. जुन्या कामगारांच्या घरून, त्यांच्या मुलांच्या मोबाइलवरून. चारही खंडेनवमीचे. का ते सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, तशी शेडमध्ये इंजिनाची व्हायची. फोटो स्टुडिओवाल्याला शेडमध्ये बोलवायचा दिवस वर्षात तेवढा एकच. एरवी इंजिनाचा फोटो काढावा असं कुणाच्या डोक्यात येणार? त्यामुळे ज्या दिवशी फोटो निघाला त्या दिवशी इंजिन केळीच्या खुंटांनी, आंब्याच्या डहाळ्यांनी आणि हातभर जाड झेंडूच्या हारांनी झाकलेलं. समोर नंबराच्या पाटीवर हार. दिव्यावर हार. फळीवर माणसं दाटीवाटीनं उभी. मला जे जे बघायचं होतं ते ते त्यांनी मोठ्या प्रेमानं झाकून टाकलं होतं. एका फोटोत तर नुसती फुलं, पानं आणि वर धुराडं. माझी चिडचिड वाढत गेली. झेंडूचा वास आला तरी मला त्या फळीची आठवण व्हायची.

पाचवा फोटो परतूरला सापडला. सासऱ्यांचं इंजिन चालवणारे ड्रायव्हर आता हयात नाहीत. त्यांची मुलगी तिथं राहते, माझ्याच वयाची. घरात उर्दू, माझ्याशी मराठी. भिंतीवर वडिलांचा मोठा फ्रेम केलेला फोटो, अर्थात खंडेनवमीचाच.

"अब्बांनी स्टुडिओतून मोठा करून आणला होता," ती म्हणाली. "नारळ दरवर्षी अब्बाच फोडायचे. फिटर चाचा म्हणायचे, जो चालवतो त्यानं फोडायचा."

"फ्रेम उघडून बघू का? मागं काही लिहिलेलं असेल."

"नको ताई. पुठ्ठा सडलाय, फोटो काचेला चिकटलाय. खेचला तर अब्बांचं तोंडच जाईल. तुम्ही वरूनच घ्या ना मोबाइलवर, पाहिजे तेवढे घ्या."

मी वरूनच घेतले, वीस-बावीस. घरी येऊन मोठे करून पाहिले आणि खुर्चीतून उठले. एका केळीच्या खुंटाच्या आणि एका माणसाच्या खांद्याच्या मधून गोल झाकणाची पेटी दिसत होती. तिच्या पुढे ठिगळाची कड. इंजिनाच्या उजव्या हाताला, स्वच्छ.

म्हणजे चहावाला खरा आणि शेळ्यांची आजी खोटी. फोटो कसा चुकेल? मी फोटोतली माणसं कापून टाकली. मला त्यांचं काही काम नव्हतं. पेटी, ठिगळ आणि फळी एवढाच तुकडा मोठा छापून लेथच्या वर चिकटवला.

एक गोष्ट खटकली होती, तीही सांगून टाकते. ब्रेकची एक जाड नळी बॉयलरच्या बाजूनं पुढपर्यंत जाते. कारखान्याच्या नकाशात ती डाव्या हाताला आहे, या फोटोत उजव्या. इथं मी थांबायला हवं होतं. मी काय केलं? मी वहीत लिहिलं, 'शेडमध्ये नळी बाजू बदलून बसवलेली दिसते.' खाली दोन रेघा मारल्या. आपल्याकडे काय, माणसं बैलगाडीला मोटारीची चाकं लावतात, तर नळी इकडची तिकडे करणं काय अवघड? मला तर हा मोठाच शोध वाटला.

सासऱ्यांना सांगितलं, "पेटी उजवीकडे होती मामा. फोटो मिळाला."

"विहिरीच्या अंगाला ना?"

"हो. विहीर दक्षिणेला होती."

ते म्हणाले, "दक्षिनंला तर सडक होती."

"तुम्हाला आता नीट आठवत नसेल."

"फोटोला आठवतंय?"

"फोटोला आठवावं लागत नाही, मामा."

पुढचे पाच महिने मी ते इंजिन केलं. दिवसा गिऱ्हाइकांचं काम, संध्याकाळचे दोन तास इंजिनाचं. पेटीचं झाकण चार वेळा वळवलं. ठिगळाच्या आठ रिव्हेट टाचणीच्या डोक्यापेक्षा बारीक, एकेक ठोकून बसवल्या. नळी उजवीकडे घेतली. तिच्यासाठी वाटेतले तीन भाग सरकवावे लागले, कारण नकाशात तिथं तिला जागाच नव्हती. तेव्हाही मी थांबले नाही. उलट शेडमधल्या लोकांनी हे कसं जमवलं असेल म्हणून त्यांचं कौतुक केलं.

रंग द्यायच्या आधी हार अडकवायच्या कड्या कुठं होत्या ते बघायचं राहिलं होतं, म्हणून एका दुपारी ओसरीवर बसून मोबाइलमधला मूळ फोटो उघडला. शेजारी सासूबाई मेथी निवडत होत्या.

"बघू, कोन कोन हाय," त्या म्हणाल्या. त्यांना चष्म्यातून चांगलं दिसतं. खंडेनवमीला घरच्या बायकाही शेडमध्ये जायच्या, हे मला माहीत होतं. त्यांना फोटो दाखवावा हे मात्र सुचलं नव्हतं.

त्यांनी मोबाइल जवळ घेतला, लांब धरला. "ही मी. ही हिरवी साडी माझी, दंडाला रफू हाय बघ." फोटो काळा-पांढरा होता, पण साडी हिरवी यात त्यांना शंका नव्हती. मग कपाळाला आठी पडली. "न्हाई गं. ही मी न्हाई."

"का आत्याबाई? आत्ता तर म्हणालात."

"पदर बघ की. मी कधी उजव्या खांद्यावर पदर घेतलाय का? ही बी तशीच. आन् ही बी. सगळ्याच्या सगळ्या! खुळ्या झाल्त्या का काय त्या दिवशी?"

मी मोबाइल ओढूनच घेतला. सात बाया, सातही पदर उजव्या खांद्यावर. पुरुषांच्या शर्टांचे खिसे उजव्या छातीवर. ड्रायव्हरांचं घड्याळ उजव्या मनगटात. मोठा करताना स्टुडिओवाल्यानं फिल्म उलटी घातली होती. नंबराची पाटी उघडी असती तर आकडे उलटे दिसून शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण पाटीवर हातभर हार. आणि ज्यांच्याकडे बघून कळलं असतं ती माणसं मी स्वतः कापून टाकली होती. पाच महिने रिव्हेट मोजत बसले, एकीच्या पदराकडे पाहिलं नाही. बाई असून.

मोबाइलवर फोटो उलटा केला. पदर जागेवर आले. खिसे जागेवर आले. नळी नकाशाप्रमाणे डाव्या हाताला आली आणि पेटीही.

"आता बघा," मी म्हणाले.

"हां, ही मी," सासूबाई म्हणाल्या. "रफू बी बराबर हाय."

सासरे आत पलंगावर होते. दार उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी जाऊन उभी राहिले.

"मामा, विहीर उत्तरेला होती."

"मंग मी काय सांगून राह्यल्तो? न्हाई, तुला फोटो पाहिजे." ते चिडलेले नव्हते, खूष होते. त्याचा मला जास्त राग आला.

सोल्डर केलेलं पितळ काढायचं म्हणजे तापवावं लागतं, आणि एक जोड तापवला की शेजारचे तीन सुटतात. पेटी निघाली, तिच्याबरोबर फळी वाकली. ठिगळ वाचलं नाही. नळी काढल्यावर सरकवलेले तीन भाग परत मूळ जागी न्यायचे होते. नवऱ्यानं एकदा विचारलं, "नवीनच केलं असतंस तर लवकर झालं नसतं?" मला ते तिसऱ्या आठवड्यात कळलं होतं, पण तोवर निम्मं सुटं करून झालं होतं. बिघडवून दुरुस्त करायला आणखी अडीच महिने गेले. हंगाम असल्यानं वर्कशॉपचंही काम तुंबलं होतं. त्या दिवसांत माझ्याशी घरात कुणी फारसं बोललं नाही, ते बरंच झालं.

मध्ये एकदा डॉक्टरांकडे गेलो. दोरा लावला. उजव्या हाताचं मधलं बोट आणि अंगठा तेवढे काही सांगत होते, तेही दोनदा विचारल्यावर.

शेवटी एका सकाळी, त्यांची आंघोळ-चहा झाल्यावर, इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. तोंड कुठं आहे ते सांगितलं नाही. त्यांनी धुराडं शोधलं, तिथून मागं आले. सावकाश. पहिल्या इंजिनाला दोन मिनिटं लागली होती, आता दहा लागली. डाव्या हाताच्या फळीवरून तळवा सरकवत नेला आणि पेटीशी थांबला. गोल झाकणावर पंजा ठेवून बसून राहिले.

"ही माझी," ते म्हणाले.

मग बोट पेटीच्या पुढे सरकलं. ठिगळावर फिरलं. पुन्हा फिरलं. अंगठा लावला, दाबला. मला दिसत होतं, बोट रिव्हेटांवरूनच जात होतं. एकदा, दोनदा, चारदा.

"रिबिटा घातल्यास?"

"घातल्यात की. तुमच्या बोटाखालीच आहेत."

"किती?"

"तुम्ही मोजा ना."

"लागना गेल्यात." त्यांनी मनगट लावून पाहिलं, हाताची पाठ लावून पाहिली. "काहीतरी खरबरीत लागून राह्यलं. तू सांग किती."

"आठ."

"आठ तर बराबर," ते म्हणाले. "आपलंच इंजन हाय हे." आणि इंजिन पास झालं.

आतून सासूबाईंनी विचारलं, "झालं का मनासारखं?" ते म्हणाले, झालं. ते समाधानात होते, त्यात काही खोट नव्हती. पेटी त्यांना हातानं सापडली होती, तीही योग्य बाजूला. पण रिव्हेट त्यांनी माझ्या शब्दावर मान्य केल्या, आणि मला ते नको होतं. मी सात म्हणाले असते तर ते काय म्हणाले असते, मला माहीत नाही. अडीच महिने आधी आणलं असतं तर त्यांनी अंगठ्यानं एकेक मोजल्या असत्या, आणि एखादी रेषेबाहेर गेली असती तर मला ऐकवलं असतं. सहावी जराशी गेली आहे. मला दिसते.

इंजिन त्यांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर आहे. मी ते ठेवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तोंड कुनीकडं केलंस?" मी घराच्या दिशा मनात धरून ते फिरवून परभणीकडे केलं, तसं सांगितलं, आणि वर्कशॉपला गेले.